लेकरू आईकडे जाईना: बालसंगोपनाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून आलेली पत्रं घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली असून नावं गाळली आहेत. उत्तरं सदराच्या बालविकास आणि बालमानसशास्त्र सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न (खानापूर तालुका) : मुलगी आणि जावई दोघंही मडगावला नोकरीला असतात. नातू सात महिन्यांचा असल्यापासून माझ्याकडे आहे, आता वीस महिन्यांचा झाला. दर पंधरा दिवसांनी ती दोघं येतात, पण तो आईकडे जात नाही. तिनं उचललं की माझ्याकडे हात करून रडतो. पोरगी रात्री उशीत तोंड खुपसून रडते. आता जूनमध्ये त्याला कायमचं न्यायचं म्हणतात. शेजारीण म्हणते, झोपेतच गाडीत घालून द्या, दोन दिवस रडेल आणि मग विसरेल. काय करावं?

उत्तर : आजी, शेजारणीचं ऐकू नका. संध्याकाळी जे माणूस कुशीत होतं ते सकाळी उठून पाहतो तर नाही, घरही वेगळं: वीस महिन्यांच्या मुलाला याहून मोठी भीती नसेल. जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडच्या रुग्णालयांत आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. ती मुलं आधी आक्रोश करत, मग हिरमुसून बसत, आणि शेवटी अलिप्त होत. या तिसऱ्या टप्प्यात मूल हसतं, कुणाकडेही जातं, म्हणून मोठ्यांना वाटतं की रुळलं. प्रत्यक्षात त्यानं वाट पाहणं सोडलेलं असतं.

मुलीला हेही सांगा की नातू तिच्यावर रुसलेला नाही. सात-आठ महिन्यांपासून मूल माणसामाणसांत फरक करायला लागतं. भूक, दुखणं, भीती आणि झोप या वेळी रोज जे माणूस हाताशी असतं, त्याला ते धरतं. तुमच्या घरी ते माणूस तुम्ही होतात आणि म्हणूनच नातवाची घडण नीट चालली आहे. एका माणसाला घट्ट धरलेलं मूल दुसऱ्यालाही धरू शकतं. शॅफर आणि इमर्सन यांनी 1964 साली ग्लासगोच्या 60 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक बाळांचे एकाहून जास्त माणसांशी बंध जुळलेले होते, आणि घरात कोण जास्त वेळ असतं यापेक्षा बाळाच्या हाकेला कोण ओ देतं, याला वजन होतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या बंधांविषयीच्या सुरुवातीच्या मांडणीत एका मुख्य माणसावर फार भर होता. आपल्याकडच्या भरल्या घरांना तो तंतोतंत लागू होत नाही, असं आमचं मत आहे.

आता नेण्याबद्दल. हातात आठ आठवडे आहेत असं धरून चालू. आधी मुलीनं सलग चार-पाच दिवस रजा काढून तुमच्याकडे राहावं. आल्या आल्या त्याला उचलू नये. जमिनीवर बसावं, वाट्या-चमचे, झाकणं घेऊन आपलं आपण खेळत राहावं, तो येईल. तुम्ही त्याच खोलीत असा. खेळ जमला की भरवणं तिच्याकडे द्या, मग आंघोळ. झोपवणं सगळ्यात शेवटी, कारण डोळ्यांवर झोप आली की मूल आपल्या मुख्य माणसालाच शोधतं. पडला, रडला तर आधी तिनं जवळ घ्यावं. मिनिट-दोन मिनिटांत शांत झाला नाही तर तुम्ही घ्या, पण तिच्याशेजारी बसूनच. या ठिकाणी घरोघरी एक चूक होते: आजी कौतुकानं म्हणते, ‘बघ, माझ्याशिवाय राहतच नाही.’ मूल शब्दांपेक्षा सूर पकडतं. तुम्ही मुलीशी हसूनखेळून बोलताना दिसलात की त्याला ती धोक्याची वाटत नाही.

मधल्या काळात त्याला घेऊन तुम्ही दोनदा तरी मडगावला दोन-तीन दिवस राहून या. त्याची झोपायची जागा, मोरी, खिडकी त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. कायमचं नेताना तुम्हीही किमान दोन-तीन आठवडे सोबत राहा. गोधडी आणि तुमची एखादी जुनी साडी न धुता न्या, वासानं मूल शांत होतं. मग तुमचं बाहेर जाणं टप्प्याटप्प्यानं वाढवा: आधी तासभर देवळात, मग अर्धा दिवस, मग एक रात्र. दर वेळी सांगून जा, रडला तरी सांगूनच. गावी परतल्यावर ‘सवय मोडू दे’ म्हणून गप्प राहू नका. रोज ठरल्या वेळी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करा आणि महिन्यातून एकदा भेटा.

तिकडे गेल्यावर महिना-दोन महिने तो रात्री उठेल, अंथरूण ओलं करेल, आईला चिकटेल आणि तिलाच मारेलही. हे सगळं अपेक्षित आहे. मात्र दोन-तीन आठवडे खाणं आणि खेळणं दोन्ही बंद असेल, हाकेकडे लक्ष देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: मडगावात दिवसा त्याला कोण सांभाळणार? नवं घर, आजी नाही आणि लगेच पाळणाघर, असं तिन्ही एकदम करू नका. मुलीला निदान तीन-चार आठवड्यांची रजा मिळत नसेल तर जूनचा हट्ट सोडून दिवाळीत न्या. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय देणं 2017 पासून कायद्यानं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मुलीनं कार्यालयात ही चौकशी जरूर करावी. तिचं रडणं, झोप न लागणं थांबत नसेल तर टेलि-मानस (14416) या सरकारी मोफत क्रमांकावर बोलता येतं.

प्रश्न (बेळगाव तालुका) : नवरा फौजेत आहे. आठ महिन्यांनी सुट्टीवर आले, तेव्हा बाळ चौदा महिन्यांचं झालं होतं. त्यांना बघून माझ्यामागे लपतं. त्यांना फार लागलं.

उत्तर : चौदा महिन्यांचं मूल अनोळखी माणसाला बिचकतं, ही त्या वयात चांगलीच खूण आहे. त्यांनी पहिल्या दिवशी उचलून घेऊ नये, आणि चार नातेवाईक जमून ‘बाबा आले, जा बाबांकडे’ करत असतील तर त्यांना चहाला आत न्या. त्यांनी खाली बसावं, बाळाकडे रोखून न पाहता तुमच्याशी बोलत राहावं, हातात एखादी वस्तू फिरवत राहावं. बाळ आधी वस्तू घेईल, मग गुडघ्याला टेकेल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोजचं एक काम पूर्ण त्यांच्याकडे द्या. सकाळची आंघोळ उत्तम, किंवा संध्याकाळी कडेवर घेऊन गल्लीतली फेरी. काम तेच आणि वेळ तीच हवी. सुट्टी संपून निघताना मध्यरात्रीची गाडी असली तरी निजण्याआधी बाळाला सांगून, पापा घेऊन निघावं. पुढे कॉलवर बोलताना तेच आंघोळीचं गाणं म्हणावं.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. घरी माग आहेत, दिवसभर खटखट आणि माणसांची ये-जा, तिथे तो बिनधास्त असतो. बालवाडीत मात्र फाटक धरून बसतो. बाई म्हणतात, तुम्ही दिसेनाशा झालात की दहा मिनिटांत गप्प होतो. म्हणून तो खेळात गुंतला की मी मागच्या दारानं निघते. आता तो घरातही पदर सोडत नाही, मी न्हाणीत गेले तर दाराशी बसतो.

उत्तर : मागचं दार आजपासून बंद. आई कोणत्या क्षणी नाहीशी होईल याचा नेम नाही, एवढं तो त्यातून शिकला आणि आता राखण करतो आहे. खेळण्यात गुंतणंच त्याला धोक्याचं वाटू लागलं तर बालवाडीचा उद्देशच बुडाला.

जर्मनीच्या पाळणाघरांत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून एक रीत आहे, ती आपल्याकडेही चालते. पहिले तीन दिवस घरचं एक माणूस, रोज तेच, मुलाबरोबर तासभर वर्गात बसतं. निघून जायचा प्रयत्नच करत नाही. कोपऱ्यात बसायचं, मूल आलं तर जवळ घ्यायचं, ‘जा, खेळ जा’ असं ढकलायचं नाही, मोबाईल पिशवीत ठेवायचा. तेवढ्यात बाई त्याच्याशी ओळख वाढवतात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन आई दाराबाहेर जाते, फार तर अर्धा तास. बाईंनी जवळ घेतल्यावर मूल शांत झालं तर पुढे वेळ वाढत जातो. नाही झालं तर आई दोन-तीन मिनिटांत परत येते आणि आणखी काही दिवस वर्गात बसते. हा चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, कारण सुट्टीनं घडी विस्कटलेली असते.

एका बाईंकडे तीस मुलं असतील तर त्यांना हे सगळं जमणार नाही, हे खरं. मग मदतनीस मावशींना विचारा. रोज फाटकावर त्याचा हात धरणारं माणूस एकच असावं, एवढं झालं तरी निम्मं काम होतं. निरोप मिनिटभराचा आणि रोज सारखाच ठेवा. ‘लवकर येते’ याला त्या वयात अर्थ नाही. ‘डबा झाला, गाणी झाली की मी फाटकाशी’ हे त्याला कळतं. पहिले पंधरा दिवस पाच मिनिटं आधीच जाऊन उभ्या राहा. सगळ्या आया येऊन गेल्या आणि आपलीच राहिली, असं एकदा जरी झालं तरी चार दिवसांची कमाई जाते.

आणि दहा मिनिटांत गप्प होण्यावर समाधान मानू नका. बाईंना तीन गोष्टी विचारा: तो पडला की कुणाकडे जातो? डबा खातो का? शू आली तर सांगतो का? तिन्हीची उत्तरं बरी आली तर तो रुळतो आहे. कोपऱ्यात दप्तर कवटाळून गप्प असेल तर नाही.

मेरी एन्सवर्थ यांनी साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलांसाठी तीन-तीन मिनिटांच्या आठ प्रसंगांची एक चाचणी बसवली होती. आई खोलीतून जाते, परत येते, मधे अनोळखी बाई येते. त्यात आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, हे जास्त पाहतात: तिच्याकडे येऊन शांत होतं आणि पुन्हा खेळाला लागतं, की तोंड फिरवतं, की चिकटतं आणि मारतंही. घरी बसून निदान करायला ही चाचणी वापरू नका. पण फाटकावर धावत आला, बिलगला आणि दोन मिनिटांत ‘चल, कुल्फी’ म्हणाला, तर सकाळच्या रडण्याची फार काळजी करायला नको.

प्रश्न (निपाणी) : मी घरी विड्या वळते, रोजचा हजाराचा हिशोब पुरा करावा लागतो. बाळ दहा महिन्यांचं. शेजारी मोबाईलवर गाणी लावून ठेवते. दिवसभर त्याच्याशी खेळायला होत नाही. त्याचा माझ्यावर जीव बसेल का?

उत्तर : बसेल, बसलाही असेल. पूर्ण वेळ बाळाकडे बघत बसणारी आई कुठेच नसते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाचे चेहरे समोरासमोर टिपून पाहिले तेव्हा चांगल्या जोड्यांतही दोघांचा मेळ साधारण 30 टक्केच वेळ बसलेला दिसला. बाकीचा वेळ चुकामूक आणि परत जुळवणं यात जातो, आणि हे परत जुळवणंच बाळाला शिकवत असतं. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आईला मिनिट-दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायला सांगत. बाळ आधी हसून, हात करून तिला बोलवायचं, मग मान वळवून रडायला लागायचं. मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या आईबापाचा चेहरा बाळाला जवळजवळ तसाच दिसतो, पानं कातरणाऱ्या आईचा नाही, कारण ती मान वर करते.

तर बसण्याची दिशा बदला, तुमचा चेहरा त्याला दिसला पाहिजे. त्यानं ‘बा-बा’ केलं की तुम्हीही करा आणि थांबा, त्याची पाळी येऊ द्या. हात चालू राहिले तरी चालेल. भरवणं आणि आंघोळ या दोन वेळा घाई न करता फक्त त्याच्या ठेवा. गाण्यांचा मोबाईल काढा: दोन वर्षांखाली घरच्यांशी व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे.

तंबाखूच्या सुपाबद्दल मात्र ढिलाई नको. रांगतं मूल सगळं तोंडात घालतं आणि तंबाखू गिळली तर विषबाधा होते. सूप त्याच्या हाताला येणार नाही असं ठेवा, पाजण्याआधी हात साबणानं धुवा आणि वरचं कापड बदला. तंबाखू तोंडात गेली आणि उलटी, लाळ, मलूलपण दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : मुलगी साडेचार वर्षांची. घरी अखंड बडबड, शाळेत चार महिने झाले, एक शब्द नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात जास्त मुलं कन्नड बोलणारी. शू लागली तरी सांगत नाही. शाळेनं सुचवलं की घरी मराठी बंद करा.

उत्तर : घरी मराठी बंद करू नका. तिला मोकळं करणारी तेवढी एकच भाषा आज तिच्याकडे आहे, ती काढून घेतल्यानं कन्नड किंवा इंग्रजी लवकर येत नाही.

तिचं गप्प राहणं दोनपैकी एक असू शकतं. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे ते काही महिने नुसती ऐकतात. पण अशी मुलं खुणा करतात, खेळात घुसतात, हसतात, आणि एखादं मराठी मूल भेटलं की त्याच्याशी बोलतात. दुसरा प्रकार निवडक मौनाचा. त्यात येत असलेल्या भाषेतही ठरावीक ठिकाणी आवाज फुटत नाही, चेहरा ताठ होतो, खुणासुद्धा थिजतात. हा हट्ट नाही, भीती आहे. महिन्याहून जास्त काळ असं चाललं तर त्याचा विचार करतात आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत. तेव्हा आधी हे पाहा: शाळेतल्या मराठी बोलणाऱ्या मावशींशी किंवा मुलीशी ती एकटीत बोलते का? घरी पाहुणे आले की? शू न सांगणं आम्हाला जरा खटकतं. दोन्ही ठिकाणी नकार असेल तर वाट न पाहता बालमानसशास्त्रज्ञांकडे जा.

तोवर शाळेत ‘नाव सांग, मग चॉकलेट’ बंद करायला सांगा. सगळ्यांसमोर बोलायला लावलं की भीती पक्की होते. बाईंनी प्रश्न विचारण्याऐवजी नुसतं बोलावं (‘तू निळा रंग घेतलास’) आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जावं. विचारलंच तर दोन पर्याय देऊन विचारावं आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावं. शू लागल्याचं सांगायला एक चित्राचं कार्ड तिच्या खिशात द्या.

उपयोगी पडते ती रीत अशी. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघी आवडीचा खेळ मांडून बसा, रोज पंधरा मिनिटं. ती मोकळेपणानं बोलू लागली की बाई दाराशी येऊन आपलं काम करतील, तिच्याकडे न पाहता. काही दिवसांनी त्या आत, मग शेजारी, मग खेळात एक सोंगटी हलवतील. तिचा आवाज बसला तर एक पायरी मागे या. बाईंनंतर एका मैत्रिणीला याच पद्धतीनं आत आणा.

आणि गल्लीतल्या खेळापुरतं कन्नड तिला घरी, गंमत म्हणून द्या: ‘नानू आडतिनि’ (मीपण खेळते), ‘ननगू कोडु’ (मलापण दे), ‘बेडा’ (नको), ‘नीरु बेकु’ (पाणी पाहिजे). दोन मुलांच्या खेळाला एवढं पुष्कळ होतं. लगोरीला व्याकरण लागत नाही.

प्रश्न (खानापूर) : दोन वर्षांची मुलगी, शेजारच्या मुलाला खेळणं देत नाही, चावते.

उत्तर : दोन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 सालीच मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या होत्या, त्यात मिळून खेळणं शेवटी येतं. ‘शहाणी ना तू, दे त्याला’ असं सांगून हातातलं काढून घेतलं तर आणखी घट्ट धरेल. एकसारख्या दोन वस्तू ठेवा आणि वेळ अर्ध्या तासापुरती. चावण्याआधी ती अंग पुढे काढते, त्याच क्षणी मधे हात घाला आणि ‘चावायचं नाही, दुखतं’ एवढंच म्हणा. उलट चावून दाखवू नका.

प्रश्न (येळ्ळूर) : मुलगा आठ वर्षांचा. ‘माझ्यासंगं कोण खेळीनात’ म्हणून रोज रडत येतो. बॅट-स्टंप आणून दिले, दोन दिवस सगळे आले, पुन्हा तेच. आउट झाला की मानत नाही, नियम बदलतो असं पोरं सांगतात. तो वर्षाचा असताना मी बरेच महिने आजारी होते. त्यामुळे असं झालं का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण तो तुम्हाला खातो आहे. लहानपणी मोठ्यांशी भरवशाचा बंध असलेली मुलं पुढे सवंगड्यांत सरासरीनं थोडी सहज वावरतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण तो संबंध बेताचाच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात ॲलन स्रूफ आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यापासून मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यातही पहिल्या वर्षांचं वजन दिसलं, आणि नंतरच्या काळजीचं, मित्रांचंही दिसलं. तुमच्या आजारपणात त्याला कुणीतरी सांभाळलं, पुढे तुम्ही होतात. आठ वर्षांच्या मुलाचं वागणं त्या महिन्यांवर टाकू नका. शिवाय तो तुमच्याजवळ येऊन रडतो, म्हणजे मूळ गोष्ट शाबूत आहे.

आता गल्ली. दोन-तीन संध्याकाळी गच्चीवरून नुसतं बघा. वर्गातल्या मुलांना ‘कुणाबरोबर खेळायला आवडतं, कुणाबरोबर नाही’ असं विचारून कोई, डॉज आणि कॉपोटेली यांनी 1982 मध्ये मुलांचे गट पाडले. काही मुलांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही, ती बाजूला पडलेली. काहींचं नाव ‘नाही’च्या यादीत भरपूर येतं. पहिल्या प्रकारात बहुधा एक मित्र जोडून दिला की भागतं. दुसरा प्रकार आपोआप कमी सुटतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा त्या बाजूला झुकलेला वाटतो. बॅट आणणं गैर नव्हतं, पण ‘बॅट माझी, म्हणून पहिली बॅटिंग माझी’ हे गल्लीत झालंच असणार.

त्याला खेळात शिरायची रीत शिकवावी लागेल. नाकारली जाणारी मुलं खेळ चालू असताना मधेच घुसतात, स्वतःबद्दल बोलतात, नाहीतर ‘असं नाही, असं खेळायचं’ म्हणतात. जमवून घेणारी मुलं आधी कडेला उभं राहून पाहतात. मग चालू खेळाला लागून काहीतरी करतात: लांब गेलेला चेंडू आणून देतात, ‘भारी कॅच’ म्हणतात. आणि डाव संपला, गडी वाटून घेताना म्हणतात, ‘मी कुठल्या बाजूला?’ पाच मिनिटं थांबणं त्याला जड जाईल, म्हणून आधी घरी तुम्ही, बाबा आणि बहीण मिळून खेळ मांडा आणि त्याला हे शिरणं करून बघू द्या. गल्लीतली पोरं लहानग्यांना ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. आठ वर्षांच्या मुलाला ते देऊ केलं तर अपमान वाटतो, त्याऐवजी धावा मोजायचं काम मागायला सांगा.

हरण्याची तालीमही घरीच. रोज सापशिडीचे दोन डाव, मुद्दाम जिंकू न देता. हरला आणि पट उधळला नाही, तर त्याच क्षणी सांगा की आवडलं. केनेथ डॉज यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट पाहा: भांडखोर मुलांना चुकून लागलेला धक्काही मुद्दाम दिलेला वाटतो. त्यानं तक्रार आणली की ‘तुला कसं कळलं मुद्दाम दिला? आणखी काय झालेलं असू शकेल?’ हे दोनच प्रश्न विचारा, निवाडा करू नका.

शनिवारी एकाच मुलाला घरी बोलवा. दोन बोलावले तर ते दोघं एकत्र होतात आणि हा उरतो. वेळ तास-दीड तास. त्याची सगळ्यात लाडकी वस्तू आधीच कपाटात ठेवा, हातानं करायचं काहीतरी मांडा: पतंग चिकटवणं, भेळ कालवणं. तुम्ही शेजारच्या खोलीत. रंगात आलेलं असतानाच थांबवा. चार-पाच शनिवार तोच मुलगा आला तर गल्लीत याच्या बाजूनं बोलणारं एक माणूस तयार होतं, आणि ज्याला एक पक्का मित्र आहे त्याला बाकीचे कमी छळतात.

त्या पोरांना दटावायला मात्र जाऊ नका. कट्टी झाली तर होऊ द्या, आठवडाभरात बट्टी होते आणि ती करायला शिकणं हाही अभ्यासच. अपवाद एकच: तीच दोन-तीन थोराड मुलं पुन्हा पुन्हा ठरवून याला मारत, चिडवत असतील तर तो छळ आहे. तेव्हा शाळेत बाईंशी आणि त्या घरच्यांशी मोठ्यांनीच बोलायचं.

प्रश्न (बेळगाव) : मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. हाक मारली तर बघत नाही, बाटल्यांची झाकणं ओळीत लावत बसतो, दोन शब्दांचं वाक्य नाही. सासूबाई म्हणतात, तू लवकर नोकरीला गेलीस म्हणून.

उत्तर : नोकरीमुळे हे होत नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा स्वमग्नतेत (ऑटिझम) दिसतात, आणि तिचं खापर एके काळी जाणकार मंडळीही आईच्या ‘थंड’ वागण्यावर फोडत. ती समजूत केव्हाच टाकून दिली गेली. तुमचं मूल स्वमग्न असेलच असं पत्रावरून म्हणता येत नाही, पण थांबूही नये. बारा महिन्यांपर्यंत हाकेला वळून पाहणं आणि बोटानं दाखवणं, सोळापर्यंत एखादा शब्द, चोवीसपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं.

आधी कानांची तपासणी करा, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची तरतूद आहे. अंगणवाडीताई किंवा आशाताईंमार्फत नोंद करा. जाताना हाकेला न वळण्याचा, खेळण्याचा आणि जेवण्याचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर न्या, अनोळखी खोलीत मूल वेगळं वागतं. तारीख लांबची मिळाली तरी घरचं काम आजच सुरू करा: टीव्ही-मोबाईल बंद, रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटं तो लावतो त्याच ओळीत तुम्हीही एक झाकण ठेवायचं, त्यानं तुमच्याकडे पाहिलं की लगेच हसायचं, आणि हवी ती वस्तू चेहऱ्याजवळ धरून द्यायची.